वीजतंत्र्याचा व्यवसाय आणि आपला समाज

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात रामदासपेठ, नागपूर येथे दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर वकिली, वैद्यकी, प्राध्यापकी आणि सरकारी नोकरी या विषयांवर पुष्कळ व्याख्याने झाली. ती देणारी मंडळी आपापल्या क्षेत्रात नावाजलेली होती. यंदा कार्यकारिणीने वीजतंत्र्याच्या व्यवसायाविषयी बोलावयास आम्हांस पाचारण केले, याचा आम्हांस आनंद झाला आणि थोडे नवलही वाटले. आनंद स्वतःसाठी नव्हे. ज्या कामात आमचे आयुष्य गेले, त्या कामाचे नाव या सभागृहात प्रथमच आदराने उच्चारले गेले, याचा तो आनंद आहे.

प्रथम शब्दांचा खुलासा करणे बरे. घरातला दिवा लागेनासा झाला म्हणजे आपण ज्यास हाक मारतो, त्या प्रत्येकास आपण सरसकट ‘वायरमन’ म्हणतो. वस्तुतः या क्षेत्रात पायऱ्या अनेक आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणारे तारतंत्री आणि वीजतंत्री असतात. तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेले असतात. आणि त्यापलीकडे पदवीधर अभियंते असतात. अभियंता आराखडा काढतो, मजूर खड्डा खणतो. या दोहोंच्या मध्ये जो उभा असतो, तो तंत्रज्ञ. कागदावर जे लिहिले आहे ते जागेवर खरोखर तसे आहे किंवा नाही, याचे उत्तर देणारा माणूस तोच. आम्ही त्याच पायरीवर छत्तीस वर्षे काढली.

आज आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच की, हे काम हातांचे असले तरी त्याचे मर्म हातांत नाही. ते एका शिस्तीत आहे. ती शिस्त अशी की, तपासून पाहिल्यावाचून कोणतीही गोष्ट खरी मानावयाची नाही. वीज डोळ्यांना दिसत नाही, तिला वास नाही, आणि स्पर्शाने तिची परीक्षा घेणाऱ्यास दुसऱ्या परीक्षेची संधी मिळेलच असे नाही. अदृश्य वस्तूविषयी अचूक बोलावयास लावणारी विद्या ही विद्याच होय.

आपण बसलो आहोत त्या रामदासपेठेचेच उदाहरण घेऊ. या सभागृहातले पंखे आत्ता फिरत आहेत, त्यांची वीज पुष्कळ अंशी आपल्या शहराच्या उत्तरेस असलेल्या कोराडी आणि खापरखेडा येथील वीजकेंद्रांच्या बळावर चालते, असे आपण सर्वच समजतो. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले; कोराडीचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला; पुढे २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. आज देशातील सर्व जाळी एकमेकांस जोडलेली असल्यामुळे अमुक दिव्यात अमुक केंद्राचीच वीज आहे असे म्हणता येत नाही. परंतु तिचा प्रवास सांगता येतो. खापरखेड्याच्या २१० मेगावॉटच्या संचात चक्र मिनिटास ३,००० फेरे घेते आणि वीज १५,७५० व्होल्ट दाबाने निर्माण होते. दूर पाठवण्यासाठी तिचा दाब लाखोंनी वाढवतात. शहरात आल्यावर तो पायरीपायरीने उतरवून ३३ हजार, मग ११ हजार, आणि शेवटी रस्त्याकडेच्या रोहित्रातून घरगुती २३० व्होल्टांवर आणतात. या प्रत्येक पायरीवर तेल तपासणारा, जोड घट्ट करणारा, तापमान लिहून ठेवणारा, मध्यरात्री खटका पडला तर तो का पडला हे शोधणारा कोणीतरी असतो. तो अभियंता क्वचितच असतो. बहुधा तो तंत्रज्ञ असतो.

रामदासपेठ ही एके काळी बंगल्यांची शांत वस्ती होती. आज येथे आणि शेजारच्या धंतोलीत रुग्णालयांची एवढी दाटी झाली आहे की, विदर्भातूनच नव्हे तर शेजारच्या मध्यप्रदेशातून व छत्तीसगडातूनही रुग्ण येथे येतात. रुग्णास डॉक्टर दिसतात, परिचारिका दिसतात. त्यांच्यामागे उभी असलेली विजेची व्यवस्था दिसत नाही. बाहेरचा पुरवठा तुटला तर डिझेलचे जनित्र सुरू व्हावयास काही सेकंद लागतात. कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर असलेल्या रुग्णास तेवढी सेकंदे कोण सांभाळणार? ती बॅटऱ्या सांभाळतात. आणि त्या बॅटऱ्या खरोखर भरलेल्या आहेत काय, हे तंत्रज्ञ सांभाळतो. शस्त्रक्रियागृहाचा वीजपुरवठा तर आणखी निराळा असतो. तेथे पृथक्करण करणारे रोहित्र बसवतात. त्यामुळे एखाद्या तारेचा स्पर्श यंत्राच्या देहास झाला तरी पहिल्याच दोषाने पुरवठा तुटत नाही. घंटा वाजते, आणि शस्त्रक्रिया पुरी करावयास अवधी मिळतो. हृदयास थेट जोडल्या जाणाऱ्या उपकरणातून नेहमीच्या स्थितीत किती प्रवाह झिरपलेला चालेल, याची मर्यादा एका मिलिअँपिअरचा शंभरावा भाग एवढी सूक्ष्म ठेवलेली आहे. हे मोजणाऱ्या माणसास आपण ‘साधा वायरमन’ म्हणत असू, तर ‘साधा’ या शब्दाचा अर्थ आपणांस कळलेला नाही.

ही शिस्त ढिली पडली म्हणजे काय होते, हे सांगावयास फार दूर जाण्याचे कारण नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशूंच्या विशेष कक्षास आग लागली. सतरा बालके तेथे होती. सात वाचली, दहा गेली. त्याच वर्षी राज्यात रुग्णालयांच्या आणखी आगी झाल्या. २३ एप्रिलला विरारला आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरला अतिदक्षता कक्षांत रुग्ण दगावले. प्रत्येक आगीची कारणे निराळी असतील आणि त्यांचा निवाडा चौकशी समित्यांनी करावयाचा आहे. परंतु अहोरात्र चालणारी यंत्रे, एकाच खोलीत वाढत गेलेला विजेचा भार, आणि ती यंत्रे व त्या तारा वेळच्या वेळी उघडून पाहणारा प्रशिक्षित माणूस, यांचे प्रमाण सुटले की धोका वाढतो, हे सांगण्यास समितीची आवश्यकता नाही. तापलेल्या जोडाचा रंग बदलतो, वेष्टण कडक होते, स्विचाशी जळका वास येतो. या खुणा आग लागण्याच्या आधी दिसतात. मात्र त्या पाहणारा कोणी नेमलेला असावा लागतो.

रुग्णालये राहोत, आपल्या घरांकडे येऊ. नागपूरचा उन्हाळा आपणांस ठाऊक आहे. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा दिवसांत विदर्भातले क्वचितच एखादे घर कूलरावाचून असेल. कूलर म्हणजे लोखंडी पेटी, तीत पाणी, पाण्यात पंप, आणि समोर ओल्या फरशीवर अनवाणी माणूस. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत कूलरचा धक्का बसून कोणी गेल्याची बातमी येते. पुष्कळदा पाणी भरणारी गृहिणी असते किंवा खेळता खेळता हात लावणारे मूल असते. लोक म्हणतात, फ्यूज होता, मग तो उडाला कसा नाही?

याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावे. फ्यूज हा तारांच्या रक्षणासाठी असतो, माणसाच्या रक्षणासाठी नव्हे. पंपाचे वेष्टण खराब झाले की पेटीत वीज उतरते. पेटीस चांगले अर्थिंग असेल तर तो प्रवाह जोराने जमिनीत जातो आणि फ्यूज तत्काळ उडतो. अर्थिंग नसेल तर वीज वाट पाहते, आणि हात लावणाऱ्या माणसातून वाट काढते. ओल्या देहातून जाणारा प्रवाह साधारण एक पंचमांश अँपिअर भरतो. सोळा अँपिअरच्या फ्यूजला त्याची दादही नसते. माणसाचे हृदय बंद पाडावयास मात्र त्याच्या निम्म्यानेही भागते. म्हणून घरात गळतीरोधक खटका बसवावा. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की हा खटका सेकंदाच्या एका तृतीयांशाच्या आत पुरवठा तोडतो. त्यावर चाचणीचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका पडला नाही तर तो बदलावा. कूलरात पाणी भरण्यापूर्वी नुसते बटण बंद करून थांबू नये, प्लगच काढावा. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन भोकांत बसवणारा जो कोणी असेल, त्यास घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवावे, मग तो आपला कितीही जवळचा आप्त असो.

आता खांबावरच्या कामाविषयी. लाईनवर चढण्यापूर्वी पाच गोष्टी करावयाच्या असतात. पुरवठा तोडावयाचा, तो दुसऱ्या कोणी जोडू नये म्हणून कुलूप लावून फलक टांगावयाचा, लाईन मृत आहे हे उपकरणाने तपासावयाचे, मग दोन्ही बाजूंनी तारा एकत्र बांधून जमिनीशी जोडावयाच्या, आणि शेजारी जो भाग जिवंत असेल तो आडोसा घालून वेगळा करावयाचा. तिसऱ्या गोष्टीत एक बारकावा आहे. तपासण्याचे उपकरण आधी जिवंत तारेवर लावून ते चालते असे पाहावयाचे, मग बंद लाईनवर लावावयाचे, आणि पुन्हा जिवंत तारेवर लावून ते मधल्या काळात बिघडले नाही ना, हे पाहावयाचे. ज्या साधनाने खरेखोटे ठरवावयाचे, त्याचेही खरेखोटे आधी ठरवावयाचे. याहून कठोर तर्कशास्त्र आम्हांस कोठे आढळलेले नाही.

चौथी गोष्ट, म्हणजे तारा जमिनीशी जोडणे, ही अनेकांस अनावश्यक वाटते. लाईन बंद आहे, परवाना हाती आहे, मग आणखी काय हवे? परंतु रोहित्र दोन्ही दिशांनी चालते. अकरा हजार व्होल्ट एका बाजूस दिले तर दुसऱ्या बाजूस चारशे तेहतीस मिळतात. तसेच चारशेच्या बाजूस कोणी वीज घातली तर दुसऱ्या बाजूस हजारो व्होल्ट उभे राहतात. वीज गेल्यावर एखादा दुकानदार आपले जनित्र चुकीच्या रीतीने घराच्या तारांस जोडतो, तेव्हा त्यास हे ठाऊकही नसते की आपल्या गल्लीबाहेर बंद लाईन जिवंत झाली आहे.

आमच्या नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतली गोष्ट आहे. शहराबाहेरच्या एका वस्तीत वादळाने तारा तुटल्या होत्या. आमच्या बरोबरीचा एक सोबती खांबावर चढला. लाईन रीतसर बंद होती आणि तपासलेलीही होती. तारा जमिनीशी जोडण्याचा दांडा मात्र तीन टोळ्यांत मिळून एकच होता, आणि तो त्या वेळी दुसऱ्या टोळीकडे होता. लोक अंधारात होते, वरून तगादा चालू होता. तो वर असतानाच वस्तीतले एक जनित्र सुरू झाले. आम्ही खाली उभे होतो. त्यास खाली आणावयास आम्हांस अकरा मिनिटे लागली, आणि तोवर करण्यासारखे काही उरले नव्हते.

तेराव्या दिवशी आम्ही त्याच्या घरी गेलो असता एक आप्त म्हणाले, ‘शिकला असता तर खुर्चीत बसला असता.’ ते वाक्य आम्ही आजतागायत विसरलेलो नाही. तो शिकलेला होता. त्या दांड्याचे महत्त्व त्यास आम्हां सर्वांहून अधिक ठाऊक होते, आणि त्याची मागणी त्याने दोनदा लेखी केलेली होती. शिक्षण कमी पडले म्हणून तो गेला नाही. त्याच्या शिक्षणाचा मान राखून त्यास साधन देण्याची निकड कोणास वाटली नाही, म्हणून तो गेला.

येथे आम्हांस समाजाकडे वळावयाचे आहे. हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान हे ज्ञानच नव्हे, ही समजूत आपल्या मनात खोल रुजली आहे. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलणे काहींस रुचणार नाही, तरी बोलले पाहिजे. कोणते काम उंच आणि कोणते नीच हे जन्मावरून ठरवण्याची जी जुनी रीत, तिचेच हे उरलेले मूळ आहे. आपण आपापसांतही तीच उतरंड मांडतो. वधूवर परिचयाच्या पुस्तिकेत मुलगा खाजगी कचेरीत कारकून असेल तर ‘नोकरी’ असे ठळक लिहितो, आणि तंत्रज्ञ असेल तर ‘वीज कंपनीत’ एवढे लिहून थांबतो. मे महिन्यात रात्री दोन वाजता फ्यूज उडाला म्हणजे मात्र त्याच मुलाच्या दाराची कडी सर्वप्रथम वाजते.

ही समजूत मोडण्याचा उपदेश आपल्या भागात नवा नाही. जवळच्याच वर्ध्यास १९३७ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे असा विचार तेथे मांडला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. वीजपुरवठ्याच्या राष्ट्रीय धोरणाचा विचार आणि तंत्रशिक्षणाचा प्रश्न, ही दोन्ही कामे त्यांच्याच खात्याकडे होती. दोन थोर पुरुषांचे मार्ग पुष्कळ बाबतींत भिन्न होते. तथापि हात आणि बुद्धी यांची फारकत देशास परवडणारी नाही, हे दोघांच्याही कार्यातून दिसते.

आम्ही या व्यवसायाचे गोडवे गाऊन मुलांस फसवू इच्छीत नाही. आज कायम नोकऱ्या थोड्या आणि कंत्राटी कामे पुष्कळ आहेत. कंत्राटी तंत्रज्ञ त्याच खांबावर चढतो, पण वेतन कमी घेतो, आणि अपघात झाल्यास कुटुंबास भरपाईसाठी हेलपाटे घालावे लागतात. पाऊस, रात्र आणि सण ही आमची कामाची वेळ असते. परंतु वाट पुढेही जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षात, आणि पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. नागपुरात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, जुने शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि १९६० साली स्थापन झालेले विश्वेश्वरय्या महाविद्यालय आज राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था म्हणून येथून हाकेच्या अंतरावर आहे. शिडीच्या सर्व पायऱ्या एकाच गावात आहेत. घराच्या छपरांवर सौर पत्रे चढत आहेत, रस्त्यांवर विजेच्या गाड्या धावत आहेत. जाणत्या हातांची गरज वाढणार आहे. मुलींनीही मागे राहण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात महिला तंत्रज्ञ खांबावर चढून काम करीत आहेत, आणि वीज स्त्रीपुरुष असा भेद करीत नाही.

तेव्हा मंडळापुढे आम्ही तीन विनंत्या ठेवतो. पहिली, आपली शिष्यवृत्ती आज केवळ पदवीच्या विद्यार्थ्यांस मिळते. तिचा एक भाग औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील व तंत्रनिकेतनातील मुलामुलींसाठी राखून ठेवावा. दुसरी, शिक्षण पुरे करणाऱ्या प्रत्येकास मंडळाने शालश्रीफळाऐवजी चांगल्या प्रतीचे विद्युतरोधक हातमोजे, शिरस्त्राण आणि तपासणीचे उपकरण द्यावे. सत्कार खुंटीवर राहतो, हातमोजे हातात राहतात. तिसरी, समाजातील जे तंत्रज्ञ आज काम करीत आहेत, त्यांनी उन्हाळ्यापूर्वी एक रविवार द्यावा आणि ज्या घरांतून मागणी येईल तेथील अर्थिंग व खटके तपासून द्यावेत. हे काम केवळ आपल्या ज्ञातीच्या घरांपुरते ठेवू नये. शेजारच्या घरातले मूल कोणाचे, हे कूलर विचारीत नाही. आपणही विचारू नये.

पहिल्या दोन विनंत्यांस पैसा लागेल. तिसरीस केवळ वेळ लागेल, आणि तो देण्यास सात जणांनी आम्हांस आजच होकार दिला आहे. येणाऱ्या मार्चपासून आरंभ करावा असा मानस आहे. ज्यांस आपले घर तपासून घ्यावयाचे असेल त्यांनी सभेनंतर कार्यवाहांकडे नाव नोंदवावे. कापलेल्या पिनेचा प्लग घरात असेल तर तो दडवून ठेवू नये. तो पाहण्यासाठीच आम्ही येणार आहोत.